डाव्या पायाचं काय करायचं

शाहूपुरी, कोल्हापूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. बाळासो यास, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर महत्त्वाचे बोलायला लागले की कुरुंदवाडची रेंज नेमकी जाते, म्हणून लिहिते आहे. उत्तरही कागदावरच हवे.

मी गाडी बदलते आहे. नवी गाडी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारे, लाल रंग, उंचीला बुटकी. मागे सीट आहे, पण तिच्यावर पाय घरी ठेवून आलेला माणूसच बसू शकेल. हे मला फार सोयीचे वाटले. मुख्याध्यापिका होते तेव्हा आणि निवृत्त झाल्यावरही भावकीतली सगळी लग्ने, बारशी आणि दवाखाने माझ्याच गाडीतून झाले. आता ज्याने त्याने आपापले बघावे.

अडचण एकच. शोरूममधली फरहीन माझी जुनी विद्यार्थिनी. तिने माझे पांढरे केस पाहिले आणि मला थेट ॲटोमॅटिक गाडीपुढे नेऊन उभे केले. तिच्यात क्लच नसतो, गिअर गाडीच बदलते. मग मी काय करायचे, असे विचारले. मॅडम, तुम्ही आरामात बसायचे, म्हणाली. आरामात बसायला माझ्या घरी कोच आहे. मी गिअरचीच घेणार. तरी मुलीचे मन मोडू नये म्हणून रविवारी ॲटोमॅटिक चालवून बघेन. तू ये. मत द्यायला नव्हे, सोबतीला.

भावजय शालूबाईस आशीर्वाद. माया आहे तेवढी पुरे, वाढवायचीच झाली तर नवा गूळ पाठव.

तुझी,
आक्का

कुरुंदवाड
६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आक्कास, धाकट्या बाळासोचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शालूबाईला वाचून दाखवलं. तिनं पहिला सवाल केला की मी कुठं बसायचं. दुसरा केला की आक्कांचं वय काय. दोन्ही सवाल तसंच तुझ्याकडं धाडतोय.

आक्का, मी ट्रॅक्टरवाला माणूस. मला त्या लाल बुटक्या गाडीतलं काय बी कळत न्हाय. पण तुझा डावा गुडघा मला कळतोय. गौरीला आलतीस तवा आमच्या पायऱ्या तू खेकड्यागत आडवी होऊन उतरलीस. विचारलं, तर म्हणालीस साडी सांभाळत होते. साडी उजव्या हातात हुती. डावा हात माझ्या खांद्यावर हुता, आणि खांदा अजून दुखतोय. क्लच त्याच पायानं दाबायचा असतोय. डॉक्टर काय म्हणाले ते तू मला सांगितलं न्हाईस, शालूबाईला सांगितलंस. तिच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय? क्लचची गाडी आता बंद करा, असं म्हणाले की ते.

तवा ॲटोमॅटिक घे. तुला आमच्याकडं यायचं हाय, का नुसता दांडा हालवायचा हाय, एवढं ठरीव.

रविवारी येतो. येताना वाडीची बासुंदी आणतो. डबा मांडीवर धरून बसीन, काळजी नको. लहान तोंडी मोठा घास घेतलाय, तर कान धरायचा हक्क तुझाच.

तुझा,
बाळासो

शाहूपुरी
१० नोव्हेंबर २०२५

चि. बाळासो यास आशीर्वाद.

तुझे पत्र ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून सोबत परत पाठवते आहे. गुडघ्याचा मजकूर मी वाचलेला नाही.

काल गाडीत जे झाले ते तू घरी जाऊन फुगवून सांगितलेस, असे शालूबाईच्या फोनवरून कळले. गाडी उधळली हे साफ खोटे आहे. उधळली नाही, थांबली. चौक दिसला की माझा डावा पाय क्लच दाबतो, मला विचारतही नाही. स्टेशन रोडच्या वळणावर त्याने तेच केले. त्या ठिकाणी क्लच नव्हता, ब्रेक होता, आणि क्लच दाबावा तसा तो तळापर्यंत दाबला गेला. गाडी जागच्या जागी खिळली. तू मागून पुढे आलास आणि बासुंदी तुझ्याही पुढे गेली. फरहीनच्या कोटावर, रेडिओवर आणि एसीच्या जाळीत.

मागचा उसाच्या ट्रॉलीवाला उतरून आला आणि काचेतून डोकावून त्याने मला विचारले, की पावणं, बैल बसला व्हय? मी त्याला दोन वाहनांत अंतर ठेवण्याचा नियम समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला. तुला वाटते माझा दरारा. तो बासुंदीकडे बघत होता.

यावरून ॲटोमॅटिकचा दोष सिद्ध होतो. ज्याला काम नाही तो दुसऱ्याच्या कामात पाय घालतो, हे मी शाळेत पुष्कळ पाहिले आहे. येत्या रविवारी गिअरची गाडी घेऊन आपण पन्हाळ्याला जाऊ. तू पुढे बस. फरहीन बारीक आहे, ती मागे मावेल. खायचे काही आणू नकोस.

आशीर्वाद आहेतच. शुद्धलेखन सुधारलेस तर आणखी मिळतील.

आक्का

कुरुंदवाड
१७ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आक्कास सा. न. वि. वि.

काल येताना बोलायचं ऱ्हाऊन गेलं. आता लिहितो. तांबडी शाई बाजूला ठेवून वाच.

पन्हाळ्याच्या वाटंला वाघबीळपर्यंत तू गाडी झकास नेलीस. तिथं तुझं तोंड बघण्यासारखं हुतं. आपण शाळेच्या सहलीला निघालोय आणि सगळी पोरं वेळेवर आल्यात, असं. मग चढाला पुढची एसटी थांबली आणि तुला थांबावं लागलं. परत गाडी उचलताना तुझा पाय क्लचवर थरथर कापायला लागला. गाडी बंद पडली आणि मागं सरकायला लागली. मी हातब्रेक वढला. मागं फरहीन काय तरी पुटपुटत हुती, दुवा असणार. तू सरळ पुढं बघत बसलीस. गुडघा दाबून धरलावतास, पण आई गं म्हणाली न्हाईस.

तवा मी जे बोललो ते परत लिहितो. इंजिन बंद हुतं, त्यामुळं तुला ऐकू आलं न्हाय असं काय न्हाय. मी म्हणालो, "आक्का, तू यायची बंद झालीस, तर मला धाकटा म्हणणारं कोण उरतंय?"

तू किल्ली काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. मी ती फरहीनला दिली. गाडीची किल्ली तुझ्या हातनं दुसऱ्याकडं गेलेली मी आजवर बघितली नव्हती. मला बरं वाटलं न्हाय.

आता माझ्या डोक्यापरमानं एक सांगतो. म्हातारा बैल कामातनं मोकळा केला तरी सकाळी उठून जुवाखाली मान घालायला येतोय. त्याला मारून उपेग न्हाय. त्याला लांब बांधायचा. तुझ्या डाव्या पायाचं तेच हाय. काथ्याची दोरी पाठवू का?

रागवायचं असंल तर समोर येऊन रागव. पत्रातनं रागावलेलं आमच्यात धरत न्हाईत.

बाळासो

शाहूपुरी
२१ नोव्हेंबर २०२५

चि. बाळासो यास आशीर्वाद.

शालूबाईने खरे सांगितले. डॉक्टरांनी तसे म्हटले होते. मी त्यांना म्हणाले की विचार करते, आणि मग विचार केला नाही.

ॲटोमॅटिक घेतली. तीच, बासुंदीची. शोरूमवाल्यांनी तीनदा धुतली, तरी एसी लावला की वेलदोड्याचा वास येतो. दुसरे कोणी तिच्याकडे बघेना.

दोरी नको. मी बैल नाही. डाव्या पायाला मी रीतसर सेवानिवृत्त केले आहे. घरातली एक जुनी शाल त्याला पांघरली, गुडघ्याभोवती गुंडाळून मांडीखाली खोचली. पाय उचलायला जावे तर शाल अडवते. नारळही द्यायचा होता, पण पाय धरेना. दोन शब्द बोलले. घरी कोणी नव्हते म्हणून बरे. आजवर चढ आणि चौक एकट्याने सांभाळलेस, आता उजव्याला करू दे आणि त्याच्या कामात बोलू नकोस, असे सांगितले. निवृत्त माणसाला हे ऐकणे किती जड जाते ते मला ठाऊक आहे, म्हणून आवाज चढवला नाही.

रोज सकाळी शाळेच्या मैदानावर सराव चालू आहे. शाल असूनही पाय पहिले दोन दिवस उसळत होता. काल फरहीन मला ओरडली. मॅडम, डावा पाय गप ठेवा म्हणाले ना, असे. नंतर स्वतःच घाबरली आणि गाडीतून उतरायला लागली. मी तिला बसवून घेतले आणि पैकीच्या पैकी गुण दिले.

पन्हाळ्याच्या चढावर तू जे विचारलेस त्याचे उत्तर: तू धाकटाच आहेस. त्यात बदल होणार नाही.

तीस तारखेला येते.

आक्का

कुरुंदवाड
२५ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून शालूबाई पदर डोळ्याला लावून हसली. हसली का रडली, ते मी विचारलं न्हाय. तिचा दुसरा सवाल मिटला, पहिला अजून हाय.

गल्लीत बातमी गेलीया. रस्त्यातला गतिरोधक उंच हाय आणि तुझी गाडी बुटकी, म्हणून पोरांनी दोन्ही बाजूंनी माती टाकून चढ नीट केलाय. मी नको म्हणत हुतो. पोरं मला म्हणाली, मॅडम अडकल्या तर आम्हालाच ओरडतील.

सावकाश ये. ताटं वाढून ठेवतो, पण तू आल्याबिगर कुणी बसणार न्हाय, एवढं ध्यानात धरून उजवा पाय हालीव.

बाळासो

शाहूपुरी
१ डिसेंबर २०२५

चि. बाळासो यास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तू फाट्यापर्यंत मोटारसायकलवरून माझ्या मागे आलास, ते आरशात दिसले. पुढच्या वेळी हेल्मेट घालून ये. शालूबाईला फिरवून आणले त्यात तू नाक मुरडण्यासारखे काही नव्हते. तिने सवाल केला होता, मी उत्तर दिले. पांढरा रस्सा उत्तम होता, मीठ कमी.

जाताना तुझ्या दारासमोर पाय एकदा उसळला, ते तू पाहिलेस आणि काही बोलला नाहीस. याबद्दल आभार.

परतताना तावडे हॉटेलच्या सिग्नलला शेजारी एक मोठी काळी जीप येऊन थांबली. आत पन्नाशीचे मिशीवाले गृहस्थ. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग मला पाहिले, मग माझ्या गुडघ्यावरची शाल पाहिली. काच खाली केली आणि आजाऱ्याशी बोलावे अशा आवाजात म्हणाले, की काकू, आटोमॅटिक हाय व्हय?

शाळेत असते तर शुद्ध बोलले असते.

मी म्हणाले, "गाडी आटोमॅटिक हाय, पावणं. मी न्हाय."

तेवढ्यात हिरवा दिवा लागला. त्यांची जीप आचका देऊन बंद पडली. क्लच लवकर सोडला असणार. मी थांबले नाही.

घरी सर्वांस माझी आठवण. पंधरा दिवसांनी येते, चुलीपुढची जागा धरून ठेव.

तुझी,
आक्का