हैबतरावाच्या नावाखाली

१ नोव्हेंबर

आले एकदाची नाशिकला! गंगापूर रोडवर तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीसमोर कडुनिंब, खाली मिसळीचं दुकान. लेखिकेला आणखी काय हवं? माझ्या ऐतिहासिक-भुताळी कादंबरीमालेचा पाचवा भाग इथेच संपवायचाय. गेले चार भाग नायिका देवयानी शिलेदार हैबतरावाच्या पिशाच्चाला शिव्या घालत आली, कारण त्याने फितुरी करून किल्ल्याचा दरवाजा उघडला आणि तिचा बाप मेला. हैबतराव हे नाव एका जुन्या पत्रात सापडलेलं, फितुरी माझ्या पदरची. आता वाचकांना त्या दोघांचं प्रेम हवंय. माझी संपादक निकिता इथलीच. रोज फोन करून तगादा लावते. मला मात्र हैबतराव अजिबात आवडत नाही.

४ नोव्हेंबर

रामकुंडावर गेले. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. यात्रेला आलेला माणूस पूर्वजांच्या नावाखाली आपलं नाव लिहून जातो. हैबतरावाचं घराणं सापडलं, पण गुरुजी परक्याला पान दाखवेनात. मग ठोकून दिलं, मी त्या घरची सून. पान उघडलं. हैबतराव, वय सव्वीस, अविवाहित, किल्ल्याच्या दरवाजात लढताना पडला. म्हणजे फितूर नव्हताच बिचारा! त्याच्या नावाखाली जागा कोरी. गुरुजींनी पेन दिलं. नवऱ्याचं नाव काय लिहिणार? घाईत सुचलं तेच लिहिलं, सौ. तेजस्विनी हैबतराव. पूर्वजांचं नाव पोराला ठेवतातच, त्यामुळे गुरुजींना शंका आली नाही. रिक्षात हसू आवरेना.

७ नोव्हेंबर

काल लिहिलेल्या प्रकरणात देवयानी त्याला भ्याड म्हणते. आज सकाळी लॅपटॉप उघडला तर त्याखाली उत्तर होतं: 'भ्याड असतो तर म्हातारा होऊन मेलो असतो.' हे मी लिहिलेलं नाही. पुसलं. चहा करून येते तर पुन्हा तेच. खरा राग याचा आला की वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं. दिवसभर भांडलो. एक ओळ माझी, एक त्याची.

१० नोव्हेंबर

मीच माफी मागितली, चार भागांच्या खोटेपणाची. पडद्यावर त्याने विचारलं, जेवलीस का? कित्येक वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नाही. आवडतो मला तो. लिहूनच टाकते, आवडतो.

कामाला येणाऱ्या सखुबाई भांडी घासताना म्हणाल्या, "ताई, पाव्हणं आलं हाय का? रोज दोन कप हाय मोरीत."

१२ नोव्हेंबर

झोप नाही, भूक नाही. पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. दुपारी दीडला तो खिडकीपाशी उभा दिसला. मानेवर मोठी जखम. माझ्याकडे बघून हसला. भीती वाटली, आणि जवळ जावंसंही वाटलं.

१४ नोव्हेंबर

त्याच्या नावाखाली मीच स्वतःला त्याची बायको लिहून आले होते! रामकुंडावर धावत गेले. गुरुजींना खरं सांगितलं, नाव खोडा म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, नामावळीत खोडाखोड नसते. नावापुढे नंतर एकच गोष्ट लिहितात, गेल्याची तिथी."

पान उघडलं. माझ्या नावापुढे तिथी होती. कार्तिक वद्य द्वादशी. गुरुजी म्हणाले, हे अक्षर आमच्या घरातल्या कुणाचंच नाही.

द्वादशी परवा आहे.

१५ नोव्हेंबर

निकिताला सगळं सांगितलं. म्हणते, आत्ताच्या आत्ता बस पकड, आईकडे जा. बॅग भरली. दोनदा जिन्यापर्यंत गेले — परत आले. चार भाग मी त्याला फितूर ठरवत राहिले. त्याचं हे प्रेम आहे की सूड? तेवढं कळू दे, मग —

१६ नोव्हेंबर, दुपार

निकिता निघालीये. तोवर दार उघडू नकोस म्हणाली.

तो आतच आहे. माझ्यामागे.

विचारलं, प्रेम की सूड? त्याने मंगळसूत्र पुढे धरलं — जुनं, काळे मणी.

मान पुढे केली. मीच केली.

बोटं गार आहेत. बांधतोय. जरा घट्ट होतंय — पहिल्यांदाच बांधतोय, म्हणून असेल — सैल कर म्हटलं तर —