फोनवर वाचून दाखव

सदाशिव पेठ, पुणे

दादा, तुला आणि वहिनीला जयभीम.

बदलीनंतर मिळालेली खोली छान आहे, काळजी नको.

जुन्या बाजारात आपल्याकडे होता तसाच, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर मिळाला. लहानपणी मासिकातला प्रोग्रॅम तू मोठ्यानं वाचायचास आणि मी टाइप करायचे. काल दोन्ही एकटीनंच केलं. पडद्यावर चेंडू उड्या मारू लागला तशी मी ओरडले, "दादा, चाललं!" शेजारच्या काकूंनी विचारलं, "पाहुणे आलेत वाटतं?" मी हो म्हणाले.

अर्धांगवायूनंतर तू बोलायचं टाळतोस, असं वहिनी म्हणाली. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचायला सांगितलंय ना? सोबत एका प्रोग्रॅमची झेरॉक्स पाठवतेय. रविवारी फोनवर वाचून दाखव. अडखळलास तरी चालेल, मी अजूनही एकाच बोटानं टाइप करते.

तुझी धाकटी,
मैत्री