सगळ्यांच्या गावातला लाल पूल

मंगळवार, संध्याकाळ. डिंडोली, सुरत.

सातवीच्या मुलांना मीच सांगितलं होतं, इंटरनेट हेही ग्रंथालयच. 'माझे गाव' हा निबंध लिहायला आपल्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर शोधा. त्यांनी शोधलं आणि जसंच्या तसं उतरवलं. आज पाहते तर सगळ्यांच्या गावात नदी, नदीवर लाल पूल! यांची गावं खानदेशातली, कोरडी; आणि ही मुलं जन्मली सुरतेत. चिडलेच मी.

वैशालीला उभं केलं. ती माझ्याच माहेरच्या गावची. विचारलं, "आपल्या गावाला नदी तरी आहे का गं?"

तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, "आहे ने, मॅडम. दिवाळीत गेलो तेव्हा पुलावर फोटो पाडला."

खोटं बोलताना ही पोरगी नेहमी खाली बघते. आज सरळ माझ्याकडे बघत होती.

तो लाल पूल डोक्यातून जाईना. घरी आल्याबरोबर गावी भावाला फोन लावला. वाटलं, ऐकून तोही हसेल.

तो हसला नाही. म्हणाला, "ताई, पूल शे ना. लहानपने तू तठेच पडनी व्हती. इसरी गई का?"

मी फोन ठेवून दिला. पुलावर? मी पडले होते ते शाळेच्या पायरीवरून. आई सांगायची. सांगायची ना?

आत्ता दिव्याखाली गुडघा पाहिला. त्या पडण्याचा वण तोच आहे. पायरी मात्र काही केल्या आठवत नाही. कठडा आठवतो. लाल, हाताला गार लागलेला.