'गेला' या माझ्या शब्दाबाबत

मी, श्यामला मोरेश्वर दातार, वय ६८, राहणार पापाकुरा, ऑकलंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि भरपूर रागात लिहिते. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी लोकांविषयी फारच चांगलं लिहिलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी सिद्धी हिला, विनाअट.

२. इथल्या सामुदायिक रेडिओवर मी एकोणीस वर्षं फुटबॉलचं समालोचन स्पॅनिशमध्ये केलं. स्पॅनिश पुण्यात शिकलेलं, ऐकणारे चिलीचे आणि अर्जेंटिनाचे. पहिल्याच सामन्यात शेवटच्या मिनिटाला चेंडू जाळ्यात शिरला आणि माझं स्पॅनिश ऐन वेळी पळालं. तोंडातून निघालं, "गेला! गेला रे गेला!" पुढच्या आठवड्यात डेअरीत दूध घ्यायला गेले, तर चिलीचे एक आजोबा मला बघून "गेलाऽऽ!" म्हणून ओरडले. तेव्हापासून प्रत्येक गोलला मी तेच म्हटलं.

३. केंद्राचे व्यवस्थापक चिराग यांनी मला काढताना सांगितलं, "श्यामलाताई, तुम्ही हीप्स छान बोलता, पण आता यंग व्हॉइस हवाय. स्वीट अ‍ॅज?" इथल्या इंग्लिशमध्ये 'हीप्स' म्हणजे खूप आणि 'स्वीट अ‍ॅज' म्हणजे 'चालेल ना'. त्यांना माझा जुना हेडफोन द्यावा. तो एका कानाने बंद आहे. त्यांना कळणार नाही.

४. यंग व्हॉइस म्हणजे माझाच विद्यार्थी कुशल. त्याला स्पॅनिश क्रियापदं मीच शिकवली, ती अजून लंगडतात. हा गृहस्थ गोल झाला की "गेला" ओरडतो आणि तो जुना स्पॅनिश शब्द असल्याचं लोकांना सांगतो. जन्म डोंबिवलीचा! त्याला माझा मराठी शब्दकोश द्यावा. 'जाणे'च्या पानावर खूण घातली आहे, नाहीतर बिचारा 'ग'मध्ये शोधत बसेल.

५. माझ्या समालोचनाच्या ध्वनिफिती सिद्धीकडे राहतील. केंद्राने माझ्यावर श्रद्धांजलीचा कार्यक्रम करू नये.

६. अंत्यविधीला कुशलने तोंड उघडू नये. फक्त सिद्धीने बोलावं, एकच शब्द, माझ्यासारखा लांबवून. ती इथेच जन्मली. मराठी समजते, उत्तर इंग्लिशमध्ये देते. लहानपणी स्टुडिओच्या काचेपलीकडे बसून माझ्याबरोबर तेवढा एक मराठी शब्द मात्र ओरडायची. त्याची मला फार आठवण येते. स्त्रीलिंग-पुल्लिंग तिला कधीच जमलं नाही, त्यामुळे आईसाठीही ती "गेला" असंच म्हणेल. जमलेल्या पुणेकरांपैकी कुणीही तिला 'गेली' म्हणून दुरुस्त करू नये. तो शब्द मी तिच्या नावे केला आहे.

सही: श्यामला मो. दातार

आम्हा दोघांसमक्ष श्यामलाताईंनी सही केली. त्या शुद्धीत होत्या. रागालाही आम्हीच साक्षीदार.
सुचित्रा परचुरे (सही)
गंधार ओक (सही)

पापाकुरा, १४ जून २०२५