गॅरेजच्या दारावरचा इटलीचा रस्ता

चँडलर, अमेरिका

ती. आईस, तुझ्या रागालाही नमस्कार.

"माणूस स्वतःच स्वतःला घडवतो," असं इतिहासाच्या तासाला युरोपातला रेनेसाँस शिकवताना सर म्हणाले, त्याच क्षणी मी इंजिनिअरिंग सोडलं. वेळेवर जेवतो. व्हिसाचं विचारू नकोस.

समोरच्या आसावरीने बघावं म्हणून काकांच्या गॅरेजच्या दारावर मी दूरवर जाणारा इटलीतला रस्ता रंगवला. इतका खरा, की चष्मा विसरलेल्या काकांनी त्यात गाडी घातली. काका सुखरूप आहेत.

चेपलेलं दार बघून आसावरी म्हणाली, "भारी यार! पण रेनेसाँसचे चित्रकार आधी वर्षानुवर्षं गुरूकडे रंग कुटायचे. तू एका सेमिस्टरमध्ये पळालास!"

मी भडकलो, दोन दिवस जेवलो नाही. मग पटलं. आता कॉलेजात 'परत घ्या' म्हणायला जातोय, तिच्याच गाडीतून. बाबांना परत जातोय एवढंच सांग, तिच्या गाडीचं नको.

गॅरेजचं दार आता लाथ घातल्याशिवाय लागत नाही. घालतो आणि निघतो.

तुझा मिहीर