तुळशीच्या ओट्यातली माती

शकुन,

देवीदासले गाडीत घालून अमरावतीच्या दवाखान्यात नेऊन राहिली. जीव शाबूत हाय, उजवा हात मोडला. म्याच मोडला, खोऱ्याच्या दांड्यानं. कोनी विचारलं तं हेच सांगजो, पडला म्हणू नको.

पानमळ्यात वेली वाळवणारा मर रोग लागला म्हणून तुह्या या नवऱ्यानं मोरचूदाचं निळं जहाल पाणी वतलं. मरत्या वेलीले वतलं असतं तं मी बोलली नसती. पण जुन्या वळीतही वतलं, जिथं तीस वर्सात एक वेल मेली नाही! त्या मातीतले बारीक जीव रोगाले खातेत, हे शेतकीच्या साहेबानं भिंगाच्या काचेतून आपल्या तिघाईले दाखवलं होतं. डोळ्यानं पाहून त्यानं ते मारले. वरून म्हणे, "माय, माती काय मरते का?" तवा खोरं माह्या हातातच होतं.

आता त्या वळीतली जिती माती फक्त तुळशीच्या ओट्यात उरली. तू नवरी होऊन आली तवा म्याच तीन टोपले आणून भरली होती. कुदळीनं ओटा फोड. माती आंबट ताकात कालवून खालच्या वेलींच्या बुडाले लाव, तिथं निळं पाणी पोचलं नाही. आजच लाव, नाहीतं त्याही जातीन. चपला मळ्याबाहेर काढजो, पानवेल देवाची.

तुळशीवर कुदळ मारू नये म्हणतेत. तरी मार. पाप लागलं तं माह्या नावावर.

भात मऊ शिजवून ठेवजो. तोंड फिरवलं तरी त्याले मीच भरवीन.

तुही सासू
पार्बताबाई