पाठ अपूर्ण

दि. ३ जुलै

चि. भिंगरीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. दोन्हीकडे तुझं नाव लागलं ही आनंदाची गोष्ट. पण आता वीस तारखेच्या आत त्यातलं एक निवडायचं, आणि ते तू मला विचारतेस! लहान मुलांना लिहा-वाचायला शिकवण्याची पदविका घ्यावी, की वरच्या वर्गांना शिकवण्याची पदवी? अगं, माझा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला. चौथीतच शाळा सुटलेला माणूस मी. मला काय कळतंय?

काळजी मात्र करता येते, ती करतो. लहान मुलं पडतात, रडतात, त्यांच्या आया भांडायला येतात. मोठी मुलं पाठीमागून नकला करतात. तुझा घसा आधीच नाजूक. पदविकेवाल्यांनी नेमून दिलेल्या शाळेत पंधरा दिवस शिकवून मग ठरवणार आहेस, हे बरं केलंस. दोन पाठांना परीक्षक येऊन मागे बसणार आणि दोन्हींत पास झालीस तरच पदविकेची जागा पक्की होणार, हे वाचल्यापासून मी रोज कॅलेंडरवर दिवस खोडतो आहे. जिन्यावरून सावकाश उतरत जा. तुला चालताना समोर बघायची सवय नाही.

इकडे सगळं ठीक. तुझा बाप पत्र लिहीत नाही म्हणून रागावू नकोस, तो मलाही धड उत्तर देत नाही.

प्रकृतीचं दोन ओळींत कळवत राहा, म्हणजे मी जागेवर राहीन.

तुझे आजोबा


दि. ९ जुलै

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

पहिला पाठ झाला. परीक्षकांनी शेरा दिला, वर्ग एकसारखा तयार आहे. सगळ्यांनी अभिनंदन केलं. आजोबा, मला मात्र भीती वाटते आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. अक्षरं ओळखते, पण जोडून वाचायला तिला फार वेळ लागतो. एका ओळीला पाच-पाच मिनिटं. वर्गाच्या बाईंनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन समजावलं की परीक्षक येतात तेव्हा अशा मुलांना काहीतरी काम देऊन बाहेर पाठवायचं, सगळे तेच करतात, मुलांना उलट मोठेपणा वाटतो. मी पाठ सुरू होण्याआधी हजेरीचा पट तिच्या हातात दिला आणि ऑफिसात नेऊन दे, शाळा सुटेपर्यंत तिथंच बाकावर बस, असं सांगितलं. ती दारापर्यंत गेली, वळली, फळ्यावर लावलेल्या माझ्या चित्रांकडे बघितलं आणि मग गेली. तिला कळलं होतं.

आज तिसरा दिवस, ती शाळेत आलेली नाही. बाई म्हणतात की अशी मुलं येतात-जातात, मनाला लावून घेऊ नकोस. दुसरा पाठ चौदा तारखेला आहे. मला वाटतं, आपली पदवीच घ्यावी. मोठ्या मुलांना निदान वाचता येत असतं.

तुम्हाला राग आला तरी लिहा, गप्प बसू नका.

तुमची भिंगरी


दि. ११ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

उत्तर लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. पहिल्या कागदावर लिहिलं होतं की पदवीच घे, सुखाने राहा. ते फाडलं.

माझे डोळे बिघडले म्हणून शाळा सुटली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुझ्या आजीलाही तेच सांगितलं. डोळ्यांना काही झालं नव्हतं. तपासनीस यायचे तेव्हा मास्तर मला फाटकावर उभं करायचे. साहेब दिसले की धावत येऊन सांगायचं, एवढंच काम. मी छाती काढून उभा राहायचो. दोन वर्षं मला वाटत होतं की मास्तरांचा सगळ्यात जास्त भरवसा माझ्यावर आहे. चौथीत असताना एकदा साहेब मागच्या बाजूने आले आणि मला फाटकावर बघून त्यांनी विचारलं की हा कोणत्या वर्गात आहे. मास्तर हसून म्हणाले, हा आपल्या शाळेतला नाही, असाच येऊन उभा राहतो.

मी त्या दिवशी घरी आलो तो परत गेलो नाही. मास्तर निरोप पाठवतील म्हणून किती दिवस खिडकीशी बसलो, ते मोजता येऊ नये एवढा काही मी लहान नव्हतो. पण ते आता लिहीत नाही.

तू तिच्या घरी जा. आईबापाशी बोलून परत फिरू नकोस, तिच्याशी बोल. खाऊ नेऊ नकोस. मला भयंकर भीती वाटते आहे, बाई चिडतील, पाठ बिघडेल, आणि माझं ऐकून तुझं नुकसान झालं तर तुझा बाप मला घरात घेणार नाही. तरी जा.

रागावलो नाही. पत्र आत्ताच पेटीत टाकून येतो.

तुझे आजोबा


दि. १५ जुलै

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी गेले. दुसऱ्या मजल्यावर लांबच लांब व्हरांडा, दोऱ्यांवर कपडे, शेवटची खोली. तिची आई इस्त्री करत होती. तिने सांगितलं की पोरीच्या पोटात दुखतं, रोज शाळेच्या वेळेलाच दुखतं. मुलगी कपाटामागे उभी होती. मी तिथंच जमिनीवर बसले आणि म्हटलं की मी तुला बाहेर पाठवलं ते मी घाबरले होते म्हणून, तुझं काही चुकलं नव्हतं. तिच्या आईने इस्त्री उभी करून ठेवली. मुलीने कपाटामागूनच विचारलं की पुढच्या वेळी पट पुन्हा तिलाच न्यायचा का. मी नाही म्हटलं.

काल दुसरा पाठ झाला. ती आली होती. तिला पुढच्या बाकावर बसवलं आणि वाचायला तिलाच उठवलं. एकीने मध्येच शब्द सांगायला तोंड उघडलं, तिला मी हाताने थांबवलं. सगळा वर्ग थांबला. परीक्षकांच्या पेनाची टकटक मला ऐकू येत होती. पाठाच्या टाचणात लिहिलेला निम्मा भाग शिकवायचा तसाच राहिला आणि घंटा झाली. शेरा असा आहे: वेळेचे नियोजन नाही, पाठ अपूर्ण. वर्गाच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत.

निकाल पंचवीसला आहे. नापास झाले तर पदविकेची जागा जाईल. आणि आजोबा, मी आज फॉर्म देऊन आले, पदविकेचाच. पदवीची जागा सोडल्याची सही केली. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पावतीच्या चार घड्या केल्या.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही माझ्या बाजूने उभे राहाल ना?

तुमची भिंगरी


दि. १७ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हातातली पक्की जागा सोडलीस हे वाचलं, तेव्हापासून कामात लक्ष नाही. सकाळपासून एका मशीनच्या तीन सुया मोडल्या. गिऱ्हाईक म्हणालं, आजोबा, आज राहू द्या. धीर द्या असं म्हणशील तर तो माझ्याजवळ कधीच नव्हता, उसना कुठून आणू? पंचवीस तारखेपर्यंत मी जेवेन एवढंच वचन देतो. बापाला मी सांगतो. आधी दाराला कडी लावीन आणि मग सांगेन.

तुझं पत्र मात्र अर्धंच आहे. शेरा लिहिलास, परीक्षकाचं पेन लिहिलंस, पावतीच्या घड्यासुद्धा लिहिल्यास. ती पोरगी काय वाचत होती आणि घंटा होईपर्यंत कुठल्या ओळीपर्यंत पोचली, ते कुठे लिहिलंस? तेवढं उलट टपाली कळव. तो धडा आहे तसा उतरवून काढ आणि ती जिथं थांबली तिथं खूण कर. निकाल काय, मागाहून आला तरी चालेल.

तुझे घाबरट आजोबा